मालनच्या पोटाला इळा लावू नको

सांगली, ४ मार्च १९७६

लाला,

वडील बहिनीनं धाकट्या भावाला आशीर्वाद लिव्हून कागद सुरू करायचा असतो. आशीर्वादाचं मागनं बघू. आधी कामाचं लिव्हते, न्हाईतर माझं अक्षर बघून तू कागद चुलीत घालशील.

मालनच्या पोटाला इळा लावू नको.

तुझ्या पोरीचं मला कुनी सांगिटलं म्हनून डोळं वटारू नको. तुझा मेव्हना नानासो हळदीची पोती घिऊन पेठंत आल्ता. मी हितं वर्धमानशेठच्या अडतीत हळद निवडते हे तुला ठावं हाय, आन ठावं नसल्याचं सोंग करतोस हे मला ठावं हाय. चहाचा घोट घेत नानासो म्हनला, मालन महिन्याची बाजूला बसली की गुडघं पोटाशी घिऊन लोळती, वकती, दातखीळ बसती. दाजींनी केरबाला सांगावा धाडलाय, पाडव्याच्या आदल्या आवसंला तापल्या इळ्यानं पोटाला डाग द्यायचा, म्हंजी लग्नात पोरगी सरळ उभी ऱ्हाईल. त्यो सहज बोलला. मी हातातलं सूप टाकून भाईर गेले.

त्यो केरबा अजून जिता हाय व्हय रं? बैलांचं खांदं डागता डागता बायकांची पोटं डागाय लागला, आन समद्या गावानं त्याला वैद्य केला. माझ्या बेंबीखाली त्याचं तीन डाग हायती. मधला लय खोल हाय, कारन तू माझ्या पायाव नीट बसला न्हवतास. मी हिसडा दिला आन इळा घसरला. "दाब की रं लाला, दाब," म्हनला त्यो. मग तू दाबलंस. तवा तुला मिसरूड फुटत हुतं.

जुनी भांडनं उकरायला कागद घेतला न्हाई. ऐक. दिवाळीनंतर माझं पोट गच्च झालं. शेठची बायको गुणमालाबाई, तिनं मला हाताला धरून मिरजंला दवाखान्यात न्हेलं. तिथल्या डाक्टरीनबाईनं पोट उघडलं आन नारळायेवढी गाठ काढली. वाईट जातीची हुती. कॅन्सर म्हनत्यात त्याला. बाईंनी पिशवीसकट समदं काढलं. आता मी झ्याक हाय. दोन येळा जेवते. माझी काळजी करू नको, तशी तू करनार बी न्हाईस.

शुद्धीवर आल्यावर मी बाईंना इचारलं, ह्यो इळ्याच्या डागानं झाला का? त्या म्हनाल्या, "नाही, डागाचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला वयात आल्यापासून एक वेगळा आजार होता. तो कोणी बघितलाच नाही." मग कागदावर चित्र काढून दावलं. बाईच्या पिशवीच्या आत दर महिन्याला येक थर धरतो आन रगत होऊन जातो. कुनाकुनाला तसलाच थर पिशवीच्या भाईर धरतो, अंडाशयाला, आतड्याला, कुटं बी. महिना आला की त्यो बी रगत सोडतो, पन त्या रगताला भाईर यायला वाट न्हाई. तिथंच साचतं, काळंतपकिरी हुतं, आतडी येकमेकाला चिकटत्यात. म्हनून बाई लोळती. नाटकं न्हाईत ती, लाला. विहिरीतल्या आसरा लागल्याल्या न्हाईत. ह्या दुखन्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभंला वळत न्हाई.

आन बाईंनी आनि येक सांगिटलं. हे दुखनं असलेल्या बहुतेक बायांना कॅन्सर हुत न्हाई. पन थोड्याजनींना त्या साचल्याल्या जागंवरनंच उगवतो. माझं तसं झालं. मग म्हनाल्या, "घरात आई, बहीण, भाची, कोणाला असंच दुखायचं का? रक्ताच्या नात्यात येतं हे." मी तवा न्हाई म्हनाले. आता नानासो सांगून गेला, आन मी लगीच ह्यो कागद घेतला.

पोरीला मिरजंला आन. मी दारात उभी ऱ्हाते. बाई नुसत्या तपासत्याल. तिला कॅन्सर हाय आसं मी म्हनत न्हाई, त्वांडात किडं पडूत माझ्या. पन दुखनं तेच हाय, त्याला इळा नको, डाक्टर पायजे.

मालनच्या आईला, चंद्राला सांग, मी इचारलं म्हनून.

राही


सांगली, १६ मार्च १९७६

लाला,

तुझं कारड पोचलं. पाकिटाचं दोन पैसं जास्त पडत्यात म्हनून उघड्या कारडावर लिव्हलंस, "तू वांझ हायसच, आता माझी पोरगी बी वांझ करतीस काय?" पोस्टमननं वाचलं, दिवानजीनं वाचलं, आन मग मला दिलं. हळद निवडनाऱ्या बाया माझ्याकडं बघना झाल्या. शाब्बास रं माझ्या वाघा!

म्हनं, दवाखान्यात न्हेलं की सरकार पोरं बंद करतंय. गावात जीप आली की तुमी बाप्ये उसात लपताय हे हितं बी कळतं. आपरेशन म्हनलं की तुमाला ते येकच ठावं. आरं, जिला अजून नवरा न्हाई त्या पोरीचं सरकारला काय पडलंय? माझं पोट उघडलं तवा मी चाळिशी गाठल्याली, मला कुनी नसबंदीला न्हेलं न्हवतं. तुझ्या भ्यापायी पोरीला भाजून काढतोस व्हय?

आन खाली लिव्हलंस, लग्न झालं, येक पोर झालं की बाईचं दुखनं थांबतं. हेच मला आईनं सांगिटलं, आत्यानं सांगिटलं, नणंद मनुबाईनं, माझ्या सासूनं बी सांगिटलं. माझं लग्न झालं. थांबलं न्हाई. आन पोर झालं न्हाई, कारन त्या दुखन्यानंच आतली वाट बुजवल्याली. बाईंनी आता सांगिटलं मला. वीस-बावीस वर्सं मी वांझोटी म्हनून शिव्या खाल्ल्या, आन त्या शिव्या सुदीक त्या रोगाच्याच हुत्या.

तू त्वांड वर करून इचारतोस म्हनून आज लिव्हते. भावाला लिव्हायची गोष्ट न्हाई, पन मला आता लाज कशाची! माझा नवरा हंबीरराव फौजेतनं रजेवर यायचा. त्यो जवळ आला की मला आत सुऱ्या लागायच्या. मी हात जोडायची, आज नगं, पाया पडते. दोन वर्सं त्यो तसाच परत गेला, दातओठ खात. तिसऱ्या रजेला त्येनं मला केसाला धरून ओसरीवर ओढलं आन बूट घातल्याल्या पायानं बेंबीखाली लाथ घातली. येक, मग आनि येक. मनुबाई दारात उभी. म्हनती कशी, "घाल आजून, नाटकं मोडत्याल." मी रगतानं भिजले. त्येला वाटलं, बरं झालं, बाजूला बसली, आता चार दिस गप ऱ्हाईल.

मी तशीच चालत तुझ्या दारात आले. सासरातनं पळून आलेली बहीण म्हनून तुझी मान खाली गेली. येक येळची भाकरी घातलीस, आन दुसऱ्या दिवशी चऱ्हाटानं हात बांधून गाडीत घातलंस. आपल्या गावच्या वेशीतनं जाताना लोकं बघायला लागली तर माझ्या त्वांडावर पोतं टाकलंस. सासरला पोचल्यावर केरबाला बलवायचं तुझंच डोकं. "हिचं पोटच खराब हाय, डाग दिला की नांदंल," म्हनलास. हंबीररावानं हात धरलं, तू पायाव बसलास.

मी नांदले न्हाई. इळ्याचं फोड वाळायच्या आत मी रहिमतपूर टेसनात गाडीत बसले.

आन आईचं काय? आईला इसरलास? जात्यावर बसल्या बसल्या ती पोटात मूठ दाबून धरायची. मागनं तिचं पोट घागरीवानी फुगलं, हातपाय काड्या झालं, आन पंधरा दिसांत ती गेली. तुमी काय केलंत? शेजारच्या गोदाक्कानं करनी केली म्हनून त्या रांडमुंड बाईला चावडीम्होरं आनून चपलांनी बडवलंत. तू तर काठीच घेतलीस. तिचा उजवा हात कोपरातनं मोडला, परत सरळ झाला न्हाई. ती मरूस्तवर डाव्या हातानं जेवली. तवा माझ्या ध्यानात आलं न्हवतं, आता मी बाईंना आईचं पोट सांगिटलं. त्या म्हनाल्या, नक्की सांगता येत नाही, पण लक्षणं तुमच्यासारखीच वाटतात. गोदाक्कानं काय बी केल्यालं न्हवतं रं.

आई, मग मी, आन आता मालन. तीन बाया झाल्या. तुझ्या डोस्क्यात उजेड पडाय आनि किती पायजेत?

लग्न मोडंल म्हनून भितोस, व्हय ना? फौजेतला जावई मिळालाय, अक्षय तृतीयेला रजेवर येतोय, पोरगी दुखनाईत हाय हे त्याच्या कानाव जाऊ नये म्हनून ही समदी गडबड. मालन माझ्यागतच नवऱ्याला हात जोडंल, तवा त्यो काय करंल? बूट त्येला बी हायती.

राही


सांगली, २७ मार्च १९७६

लाला,

नानासोचा निरोप आला. मंगळवारी आवस हाय आन केरबाला आगाऊ धोतर दिलंस.

मग हे बी ऐकून ठेव. मी येते. मी आडदांड बाई हाय हे तू लहानपनापास्नं ओळखतोस, विहिरीवर छेड काढनाऱ्या धुळाच्या कानाचा लचका म्या तोडल्याला तू बघितलास. केरबाला सांग, इळा तापवायचा आसंल तर खुशाल तापीव. त्यो कुनाच्या अंगाला लागंल याचा भरवसा मी देत न्हाई.

तुला वाटंल, दुखनाईत बाई ती काय करनार. मी झ्याक हाय लिव्हलं ते खोटं हुतं. पोटात परत पानी झालंय, बाईंनी येकदा सुई घालून काढलं, पुन्ना भरतंय. त्या गोळ्या देत्यात पन डोळं चुकवत्यात. तवा मला आता कोनाचं भ्या घालतोस? पोलिसाचं? देवाचं?

आपल्या आईची शपत घालून शेवटचं सांगते, पोरीला हात लावू नको. मी भांडनाला येत न्हाई, पोरीला न्ह्यायला येते. दार उघडं ठेव.

राही


मिरज, १८ एप्रिल १९७६

लाला,

तू गावात सांगतोस म्हनं, आक्काच्या अंगात आलं हुतं, आसराचं वारं शिरलं, म्हनून तिनं तसं केलं. माझ्या अंगात काय बी आल्यालं न्हवतं. मी पुरी शुद्धीवर हुते, आन शुद्धीवर ऱ्हाऊन केलंय. आता सोयरीकवाले इचारत्याल, पावनं इचारत्याल, तवा खरं काय झालं ते कागदाव असू दे.

मी मंगळवारी येनार म्हनून लिव्हलं, म्हंजी सकाळच्या गाडीआधी तू उरकून घेनार, हे मला कळत हुतं. तुला वळखते मी. म्हनून सोमवारीच रहिमतपुरात नानासोकडं उतरले. दिस उगवायला त्याच्या गाडीतनं तुझ्या गोठ्याम्होरं आले. गोठ्यात गवऱ्यांचा धूर, केरबा उकिडवा बसून फुंकतोय, इळा लालबुंद. मालन उलथ्या पोत्याव उतानी. तिच्या त्वांडात तिच्याच ओढनीचा बोळा. तू पायाव बसल्याला. ह्या खेपंला नीट बसला हुतास, शिकलास. चंद्रा डोस्कं धरून रडत हुती, पन धरून हुती.

मला बघून पोरीनं डोळं मोठं केलं. ते डोळं आपल्या आईचं हायती. मग मला काय बी दिसंना.

केरबाच्या हातातला इळा मी मुठीला धरून हिसकला. त्यो म्हातारा शेनात पडला. तू उठाय बघत हुतास, येक हात पोरीच्या गुडघ्याव तसाच. त्या हाताव मी इळा ठेवला. ठेवला म्हनते, चुकून लागला म्हनत न्हाई. दाबला. कातडं चरचरलं, वास आला. तू बैलागत वरडलास, आन समद्या आळीला ऐकू गेलं. "दाब की रं लाला, दाब," मीच म्हनत हुते, माझ्याच त्वांडानं.

मग तू डाव्या हातानं मला हानलंस. ते बरूबर हाय, त्याबद्दल माझी तक्रार न्हाई. म्होरलं दोन दात गेलं, खाली पडल्यावर लाथ बसली ती बी पोटातच. बाप्यांचा पाय जातो कुटं दुसरीकडं! मला वाटलं हितंच संपलं. पन तवर तुझी चंद्राबाई, जिनं लग्न झाल्यापास्नं तुझ्याम्होरं मान वर केली न्हाई, ती मुसळ घिऊन आली. मुसळ डोस्क्यावर धरून म्हनली, "आता पोरीच्या न्हाईतर वन्संच्या अंगाला हात लावशीला, तर कवटी फोडीन. कुकू गेलं तर गेलं." तू तिच्याकडं बघत ऱ्हायलास. मी बी बघत ऱ्हायले. तिचं मुसळ खाली आलं न्हाई. केरबानं तेवढ्यात गोठ्यातनं पोबारा केला, धोतर मातूर घिऊन गेला.

नानासोनं मालनला उचलून गाडीत घातलं. चंद्रा तशीच, लुगड्याला शेन लागल्याली, गाडीत चढली. माझ्या मागं गोठ्याचं दार आपटल्यालं ऐकलं. तू आपटलंस का वाऱ्यानं, कोन जाने.

आता इकडचं. बाईंनी मालनला तपासलं, आठ दिस दवाखान्यात ठेवलं, आन मागल्या आठवड्यात शुक्रवारी पोट उघडलं. चंद्रा भाईर बाकड्याव बसून बोटं मोडत हुती. मी बसू शकत न्हवते, मी भितीला टेकून उभी. बाई भाईर आल्या, त्वांडावरचं फडकं काढलं, आन मी त्यांच्या त्वांडाकडं न बघता पायाकडं बघितलं. मला वर बघायचं धाडस हुईना.

डाव्या बाजूला पेरूयेवढी गाठ हुती. काळ्या रगतानं भरल्याली. ती काढली. उजवी बाजू शाबूत ठेवली, पिशवी शाबूत हाय. गाठीचा तुकडा तपासायला दिल्ता, काल कागद आला. कॅन्सर न्हाई. लाला, न्हाई रं! गुणमालाबाईनं मंदिरात साखर वाटली. चंद्रा बाकड्यावरनं उठली आन माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझं टाकं न्हाईत ते बी उसवत्याल आसं वाटलं.

दुखनं समूळ ग्येलं आसं बाई म्हनत न्हाईत. गोळ्या घ्यायच्या, दर सहा महिन्यानं दावायचं, जलमभर ध्यान ठेवायचं. पोर होईल का? होईल बी, न्हाई बी. नवरदेवाला मी सोता कागद लिव्हला, समदं खरं लिव्हलं. सोयरीक मोडली तर मोडू दे. न्हाई मोडली तर माझ्या नवऱ्यापरीस शाना बाप्या मिळाला म्हनायचं.

माझं पोट आता आईसारखं झालंय. बाई परवा म्हनाल्या, गावी कोणाला कळवायचं असेल तर कळवा. म्हनून तुला येकच सांगनं हाय, माझं पोट बघून कुना गरीब बाईला चावडीव ओढू नका. कुनी काय केल्यालं न्हाई. ह्यो रोग हाय, त्याला नाव हाय, आन त्यो मिरजंच्या कपाटात काचंच्या बाटलीत ठेवलाय. यिऊन बघ.

मी तुला माफ केल्यालं न्हाई. मराय टेकली म्हनून बहीण मऊ झाली आसं मनात आनू नको. त्या चऱ्हाटाची, त्या पोत्याची मला अजून आग हुते, आन मला संधी दिली तर मी परत इळा दाबीन. तुझा हात भाजला त्याचं मला येवढंसं बी वाईट वाटत न्हाई.

पन मालनला शुद्ध आली तवा मी उशाला हुते. ओठ सुकल्यालं, जीभ जड. मी कापसानं पानी लावलं. मला वाटलं, इचारंल, माझं काय काढलं, मी बरी हुईन का, न्हाईतर आईला बलव म्हनंल. तिनं डोळं उघडलं, मला बघितलं, आन पयला सबूद काय काढला ठावं हाय?

"आत्ती, आबांचा हात लय भाजलाय का गं?"

मी तिच्या ओठाला परत कापूस लावला. तिनं तीनदा इचारलं. काल परत इचारलं. चंद्रा भाईर गेली की हळूच इचारती, लाजल्यागत, जनू तिच्याच हातनं तुला भाजलंय.

तवा तू ये. माझ्यासाठी नगं, मी भितीकडं त्वांड करून पडीन. हाताला स्वच्छ फडकं बांध, बाही खाली वढ आन ये. पोरीला फोड दिसू देऊ नको. बरा हाय म्हनून सांग.

राही